परदेशस्थ पाहुणा आणि बोर्लीची वाट

परदेशातून आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या प्रवासाविषयी आज मला आपणांशी थोडे बोलावयाचे आहे. विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात येईल की, विमाने, पारपत्रे आणि तिकिटे यांविषयी बोलण्यास एका खेड्यातील निवृत्त शिक्षकास कशासाठी पाचारण केले? शंका रास्त आहे. माझे सारे आयुष्य रायगड जिल्ह्यातील बोर्ली पंचतन या गावी गेले. विमानाच्या पायरीवर माझे पाऊल अद्याप पडलेले नाही. परंतु परदेशाहून येणारा मनुष्य हजारो कोस निर्धास्तपणे उडत येतो आणि शेवटच्या पन्नास कोसांत त्याची त्रेधा उडते, हा अनुभव मी वारंवार घेतला आहे. आणि ते शेवटचे पन्नास कोस आमच्या दारी संपतात. एवढ्याच अधिकाराने मी बोलत आहे.

आमच्या बोर्लीतील आणि आसपासच्या म्हसळे-श्रीवर्धन भागातील पुष्कळ घरांची माणसे परमुलखी आहेत. कोणी कुवेतात, कोणी दुबईस, कोणी इंग्लंडात. ईद असो की गणपती, दारी येणाऱ्या मोटारीतून उतरणारी मुले आजीस मिठी मारतात मराठीत आणि आपसांत भांडतात इंग्रजीत. त्यांच्याबरोबर त्यांचे परदेशी स्नेहीही येऊ लागले आहेत. दिवेआगरचा समुद्र, श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे गाव, हरिहरेश्वर, जंजिरा ही सारी स्थळे आमच्यापासून एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. आपण शहरवासी श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरीही असे पाहुणे येत असतील, आणि त्यांना कोकण दाखविण्याची जबाबदारी आपणांवर पडत असेल. म्हणून हे बोलणे पाहुण्यांपेक्षा यजमानांना उद्देशून आहे.

प्रथम माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो.

२०१८ सालच्या डिसेंबरातील गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात स्थायिक झालेला आहे. त्याला स्वतःला रजा मिळेना, म्हणून त्याची मुलगी आणि मुलगा, दोघेही तिकडेच जन्मलेले, आजीच्या भेटीस एकटेच निघाले. धाकट्या नातवास आजीने केवळ दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिले होते. मुक्काम उणापुरा चार दिवसांचा. आजीचे वय ऐंशीच्या पुढे. त्या आमच्याच आळीत राहत. त्यांच्या सांगण्यावरून मुलांना पत्ता मी कळविला. मोटार त्यांनी तिकडूनच ठरविली होती, आणि चालक या मुलखास नवखा होता.

विमान दुपारी उतरले. रात्री दहाच्या सुमारास मुलीचा दूरध्वनी आला. “आजोबा, आम्ही बोर्लीला आलो. पण आजीचं घर कुणाला माहीत नाही.” मी विजेरी घेऊन रस्त्यावर गेलो. रस्ता निर्मनुष्य. मोटारीचा दिवा कोठेही दिसेना. “तुमच्याजवळ काय आहे?” असे विचारले, तर ती म्हणाली, “अंधार आहे. पण समुद्राचा मोठा आवाज येतो.” श्रोतेहो, माझ्या पोटात गोळा उठला. आमचे बोर्ली समुद्रापासून आत आहे. आमच्या बाजारात उभे राहून समुद्राची गाज ऐकू येत नाही.

रायगड जिल्ह्यात बोर्ली नावाची दोन गावे आहेत. एक आमचे बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन. दुसरे बोर्ली मांडला, तालुका मुरूड. ते कोर्लई आणि काशीद यांच्या दरम्यान, ऐन किनाऱ्याच्या वाटेवर आहे. मुले त्या बोर्लीत उभी होती. नकाशावर पाहिले तर दोन्ही गावे एकाच किनारपट्टीवर, वीतभर अंतरावर. परंतु मध्ये राजपुरीची खाडी आहे. तिच्यावर पूल नाही. आगरदांडा ते दिघी ही जंगलजेटीची फेरी, म्हणजे माणसांसह मोटारी वाहून नेणारी सपाट नौका, हाच त्या वाटेचा सांधा. त्या रात्री शेवटची फेरी गाठणे शक्य नव्हते. खाडीला वळसा घालून रोहे, माणगाव, म्हसळे असे यावयाचे, तर नवखा चालक रात्री घाटवाटांनी येण्यास राजी होईना. आणि त्याचे बरोबर होते. मुलांनी ती रात्र मुरुडास काढली. आजी ओटीवर बसून होत्या. “आता झोपा,” असे मी दोनदा सांगून आलो. पहाटे पाहिले तो त्या तेथेच बसलेल्या, दिवा तसाच.

सकाळच्या फेरीने मुले दिघीच्या धक्क्यावर उतरली. चार दिवसांचे तीन झाले. पुढल्या श्रावणात आजी गेल्या. नातवाचा आणि त्यांचा या जन्मीचा प्रत्यक्ष सहवास तेवढ्या तीन दिवसांचाच.

चूक कोणाची? चालकाने जे सांगितले ते गाव गाठले होते. चूक माझी होती. मी पत्ता लिहिला होता, “बोर्ली, जिल्हा रायगड.” आम्हा गावकऱ्यांना बोर्ली एकच, पंचतन हा शब्द आमच्या तोंडी येत नाही आणि तालुका लिहिण्याची गरज भासत नाही. भूगोलाच्या उत्तरपत्रिकांवर तांबड्या शाईने ‘उत्तर अपुरे’ असा शेरा मी आयुष्यभर मारीत आलो, आणि माझेच उत्तर अपुरे निघाले.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. परदेशी पाहुण्याच्या प्रवासाची आखणी विमानतळापासून करू नये. ती घराच्या उंबरठ्यापासून, उलट्या दिशेने करावी. आधी शेवटचा टप्पा, मग त्याच्या अलीकडचा, आणि सर्वांत शेवटी विमान. बहुतेक लोक याच्या अगदी उलट करतात. विमानाचे तिकीट स्वस्त मिळाले की ते घेतात, आणि उरलेले पुढे पाहून घेऊ म्हणतात. ‘पुढे’ म्हणजे नेमकी आमची खाडी, आमचा पाऊस आणि आमची रात्र.

या नियमाचे पहिले कलम पत्त्याचे. गाव, तालुका, जिल्हा, जवळचे मोठे गाव, आणि घराची खूण, एवढे सारे मराठीत व इंग्रजीत लिहून पाठवावे. नकाशावरील नेमके स्थान दूरध्वनीवरून पाठविण्याची सोय आज घरोघरी आहे. तिचा उपयोग करावा. चालकाला ‘म्हसळ्यावरून या’ एवढे दोन शब्द सांगितले असते, तरी माझी मुले चुकली नसती. जे गाव आपणांस ठाऊक असते, त्याचाच पत्ता आपण अर्धवट लिहितो.

ही अडचण केवळ आमच्या मुलांची नाही. याच किनाऱ्यावर बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत नांदला. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडलेली आहेत. १९४८ साली इस्रायल राष्ट्र निर्माण झाल्यावर त्यांतील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. आज त्यांची नातवंडे पूर्वजांचे गाव पाहावयास येतात. अलिबागेच्या इस्रायल आळीत १८४८ सालापासून त्यांचे ‘मागेन अबोथ’ हे प्रार्थनामंदिर आहे, ते सहज सापडते. परंतु ज्याच्यापाशी आजीच्या तोंडून ऐकलेले गावाचे नुसते नाव आहे, त्याने निघण्यापूर्वी तालुका शोधून काढलाच पाहिजे. एका नावाची दोन-दोन गावे कोकणात मुबलक आहेत.

दुसरे कलम ऋतूचे. इंग्लंड-अमेरिकेतील शाळांची मोठी सुट्टी जून-जुलै-ऑगस्टात येते, आणि नेमका तोच आमचा धो धो पावसाचा काळ. या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत मुंबईच्या गेटवेवरून मांडव्यास जाणाऱ्या लाँचा बंद असतात, आणि जंजिऱ्याच्या होड्याही बंद असतात. पाहुणा म्हणतो, “आम्ही दूरवरून आलो आहोत, काही तरी सोय करा.” अशा वेळी यजमानाने ठामपणे नाही म्हणावे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसाकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. या किनाऱ्यावरील जुन्या घरांतून ते नाव अद्यापि हलक्या आवाजात घेतले जाते. वादळांचीही आम्हांस ओळख आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. म्हणून जून महिना भेटीगाठींकरिता घरात बसून घालवावयाचा असेल तरच निवडावा. हिंडणे-फिरणे हा हेतू असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ उत्तम. त्यातही नाताळचा आठवडा टाळता आला तर टाळावा. त्या वेळी दिवेआगरात राहावयास खोली आणि रस्त्यावर जागा, दोन्ही दुर्मीळ होतात. गणपतीच्या दिवसांची गोष्ट तर बोलावयास नको. तेव्हा सारी मुंबई आमच्याच वाटेवर असते.

तिसरे कलम समुद्राचे. परदेशी पाहुणा घड्याळ पाहतो. कोकणात घड्याळाबरोबर तिथीही पाहावी लागते. आमच्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे, तो शाळेतील मुलांकडून मी पाठ करून घेत असे. तिथीच्या आकड्यास पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि सुमारे सहा तासांनी, दुपारी बारास, ओहोटी. एकादशी असेल तर सव्वाआठास भरती. पौर्णिमा-अमावास्येस दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास उधाणाची भरती. हा ठोकताळा आहे, घड्याळाचा काटा नव्हे. नेमक्या वेळा छापील कोष्टकांत मिळतात. परंतु आखणीस तो पुरतो.

याचा उपयोग काय, तो पाहा. हरिहरेश्वराच्या देवळामागून कड्याच्या पायथ्याने समुद्रकाठी जो प्रदक्षिणेचा मार्ग आहे, तो ओहोटीचाच मार्ग आहे. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी तेथे पाहुण्यांना नेणे म्हणजे त्यांना लाटांच्या तोंडी देणे होय. ओल्या खडकावर उभे राहून छायाचित्र काढण्याच्या नादात माणसे ओढली गेल्याच्या वार्ता आपण वाचतोच. म्हणून तिथी पाहून दिवस ठरवावा, आणि स्थानिक माणसाने ‘आता नको’ म्हटले की तेथेच थांबावे.

आता वाटा सांगतो, आणि माझ्या नियमाप्रमाणे बोर्लीकडून मुंबईकडे सांगतो. बोर्लीहून म्हसळे, म्हसळ्याहून माणगाव. हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. माणगावास मुंबई-गोवा महामार्ग मिळतो. तेथून इंदापूर, कोलाड, नागोठणे, पेण आणि पनवेल. मुंबईपासून एकूण अंतर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर धरावे. अंतराचा आकडा ऐकून परदेशी पाहुणा म्हणतो, “दोन तासांचा रस्ता.” त्याच्या देशात तसे असेल. आपण त्याला सहा तास सांगावेत. या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि त्याचे रखडणे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे; माणगावच्या बाजारपेठेतील कोंडी शनिवार-रविवारी तास-तास खाते. सहा तास सांगून पाच तासांत पोहोचलेला पाहुणा प्रसन्न असतो. दोन तास सांगून पाच तासांत आलेला पाहुणा आपल्या देशावरच रागावतो.

पुण्याकडून येणाऱ्यास मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर आणि माणगाव ही वाट जवळची. ती अतिशय रम्य आहे, पण दिवसाउजेडी करण्याची आहे. पावसाळ्यात तेथे दरडी येतात व दाट धुके उतरते.

तिसरी वाट समुद्राची. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह नेणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून सुरू झाली आहे. सुमारे तासाभरात ती पोहोचते. तेथून अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, मग ते दुसरे बोर्ली, काशीद, मुरूड, आगरदांडा, आणि जंगलजेटीने दिघी. दिघीहून आमचे गाव जवळच. डाव्या-उजव्या हातास किल्ले, समुद्र, नारळी-पोफळी. कोर्लईस तर पोर्तुगीजमिश्रित अशी एक वेगळीच बोली आजही बोलली जाते. ज्याला दिवसभर मोकळा आहे त्याने याच वाटेने यावे. परंतु या वाटेत दोन बोटी आहेत, आणि दोन्हींच्या वेळा ऋतू, भरती व गर्दी यांप्रमाणे बदलतात. म्हणून आदल्या दिवशी दोन्हीकडे चौकशी करावी, आणि दुसरी बोट सूर्यास्तापूर्वी गाठता येत असेल तरच निघावे. सागरी महामार्गावर या खाडीवर पूल बांधण्याची योजना आहे. तो पूल वाहता होईपर्यंत माझा हा इशारा लागू समजावा. सामानाविषयीही एक शब्द. विमानाने येणाऱ्याच्या पेट्या अवजड असतात. त्या घेऊन साध्या लाँचमध्ये चढणे-उतरणे वृद्धांना जमत नाही. त्यांच्यासाठी मोटारीसह जाणारी बोट, नाहीतर सरळ महामार्ग.

आता विमानतळ. पूर्वी मुंबईस एकच विमानतळ होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०२५ पासून तेथून वाहतूक सुरू झाली. तो पनवेलच्या अगदी जवळ आहे, म्हणजे कोकणच्या दारातच म्हणावयाचा. तेव्हा पाहुण्याच्या तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे हे दोनदा वाचावे. नाहीतर यजमान एका विमानतळावर हार घेऊन उभा आणि पाहुणा दुसऱ्यावर, हा बोर्लीचाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडावयाचा. देशांतर्गत विमान बदलून येणार असेल तर दोहोंमधील प्रवासाचा वेळही हिशेबात धरावा. मुक्काम दक्षिण मुंबईत असेल तर शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू, जो १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला व ज्याची लांबी २१.८ किलोमीटर आहे, तो पनवेलकडे जाण्यास सोयीचा आहे.

युरोपकडील पुष्कळ विमाने मुंबईस मध्यरात्रीच्या सुमारास उतरतात. पाहुणा थकलेला, त्याच्या देहाचे घड्याळ उलटे फिरलेले, आणि चालक संध्याकाळपासून विमानतळावर ताटकळलेला. अशा स्थितीत रात्री दोन वाजता कोकणाकडे निघणे हा अविचार होय. मुंबईस किंवा पनवेलला चार-सहा तास विसावा घ्यावा, चालकासही झोपू द्यावे, आणि उजाडल्यावर निघावे. आजीच्या भेटीस सहा तास उशीर झाला तर आजी रागावत नाहीत. चालकाची झोप मोडून वाचविलेले सहा तास फार महाग पडतात.

मोटार न करता येणारांसाठी आगगाडी आहे. रोह्याच्या पुढे १९९३ साली सुरू झालेल्या कोकण रेल्वेवर माणगाव हे आमचे स्थानक. दिवा स्थानकावरून सकाळी सुटणारी सावंतवाडीची गाडी तेथे थांबते. तिच्या वेळा निघण्यापूर्वी पाहाव्यात. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, आणि सणासुदीस ते पाहता पाहता भरते. माणगावाहून पुढे एस. टी. किंवा भाड्याची मोटार. एस. टी.चे श्रीवर्धन येथे आगार आहे. तरुण, धडधाकट, पाठीवर एकच पिशवी असलेल्या परदेशी पाहुण्याने एकदा तरी एस. टी.ने यावे, असे मी आग्रहाने सांगतो. शेजारी बसलेली बाई त्याला नाव-गाव विचारील, तिकिटाचे सुटे पैसे स्वतः देईल आणि कोठे उतरावयाचे तेही सांगेल. गावातल्या गावात मिनिडोअर आहेत. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. रोख रक्कम जवळ ठेवावी. आपणा सर्वांच्या दूरध्वनीवरून चालणारी पैशांची देवघेव परदेशी बँकेच्या ग्राहकास सहजी साधत नाही, आणि पैसे काढण्याची यंत्रे गर्दीच्या दिवसांत रिती होतात. नेहमीची औषधे पुरेशी आणावीत. अडीअडचणीस रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक लिहून द्यावेत.

आता कागदपत्रांचे कलम. हे कंटाळवाणे आहे, पण याच ठिकाणी सज्जन माणसे अडकतात. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणून ज्या मुलांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांना, आडनाव कितीही अस्सल कोकणी असले तरी, व्हिसा किंवा ओ. सी. आय. कार्ड लागतेच. ई-व्हिसासाठी पारपत्राची मुदत आगमनाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवी. अर्ज केवळ सरकारी संकेतस्थळावरूनच करावा. हुबेहूब दिसणारी परंतु जास्त पैसे उकळणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी आगमनपत्रही विमान उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरण्याची पद्धत सुरू झाली आहे.

आणि एक गोष्ट यजमानाची. परदेशी नागरिक मुक्कामास आला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारी यंत्रणेस ऑनलाइन कळविण्याचे बंधन ठेवून घेणाऱ्यावर आहे. दिवेआगरातील पुष्कळ घरगुती निवास लहान आहेत. सर्वांनाच ही सवय नसते. म्हणून खोली ठरवितानाच ‘पाहुणा परदेशी पारपत्राचा आहे’ असे स्पष्ट सांगावे. आपल्याच घरी उतरविणार असाल तरी जवळच्या पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्यावे. काही पाहुण्यांना हे अपमानास्पद वाटते. त्यांना कारण समजावून द्यावे. १९९३ साली मुंबईस हादरविणाऱ्या स्फोटांची दारू आमच्या शेजारच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविली गेली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वराजवळ बंदुका असलेली एक बेवारशी नौका वाहत आली. ज्या किनाऱ्याने एवढे पाहिले, तो आल्या-गेल्याचे नाव विचारतो, यात नवल नाही. याच कारणास्तव उपग्रहाद्वारे चालणारा दूरध्वनी पाहुण्याने परवानगीवाचून बरोबर आणू नये. आपल्या देशात तो गुन्हा ठरतो.

शेवटचे कलम मोकळ्या दिवसाचे. परदेशी पाहुण्याच्या टिपणवहीत प्रत्येक तासास एक स्थळ लिहिलेले असते. सकाळी जंजिरा, दुपारी दिवेआगरचा सोन्याचा गणपती, सायंकाळी हरिहरेश्वर. हा गणपती १९९७ साली एका वाडीत सापडला, २०१२ साली चोरीस गेला आणि २०२१ साली पुन्हा स्थापन झाला. एवढी कथा सांगावयाची म्हटली तरी अर्धा तास हवा, आणि ऐकणाऱ्याचे चित्त पुढल्या बोटीकडे लागलेले. बागमांडल्याहून जंगलजेटीने पलीकडे वेश्वीस गेले, तर वेळास हे नाना फडणविसांचे गाव लागते. तेथे फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान कासवांची पिले समुद्रात जाताना पाहावयास मिळतात. परंतु पिले आपल्या वेळापत्रकाप्रमाणे बाहेर येत नाहीत. तेव्हा चार दिवसांचा मुक्काम असेल तर तीन दिवसांचाच बेत आखावा आणि एक दिवस कोरा सोडावा. बोट चुकली, दरड आली, पोट बिघडले, तर तो दिवस कामी येतो. काहीच झाले नाही, तर तो दिवस ओटीवर बसण्यास मिळतो. मी पाहिले आहे, पुढे वर्षानुवर्षे मुलांना आठवतो तो बहुधा हा ओटीवरचाच दिवस.

परतीच्या प्रवासासही हाच नियम. विमानाच्या दिवशी सकाळी बोर्ली सोडू नये. आदल्या दिवशी निघून मुंबईस किंवा पनवेलला मुक्काम करावा. निरोपाचा क्षण एक दिवस अलीकडे येतो, हे खरे; पण महामार्गावर मोटार खोळंबली असताना घड्याळाकडे पाहत घेतलेला निरोप हा निरोपच नव्हे.

श्रोतेहो, मी सांगितले त्यात विद्वत्तेचे काही नाही. पूर्ण पत्ता, योग्य ऋतू, भरती-ओहोटीची जाण, दिवसाउजेडीचा प्रवास, नीट कागदपत्रे आणि एक कोरा दिवस, एवढेच. परंतु ही सहा कलमे पाहुण्यास ठाऊक असण्याचा संभव नाही. ती आपणांस ठाऊक असतात, आणि आपण ती गृहीत धरून लिहावयाचे विसरतो. म्हणून पाहुणा तिकीट काढण्यापूर्वीच त्यास एक सविस्तर पत्र धाडावे. पत्र लिहून झाले की ते एकदा परक्याच्या नजरेने वाचावे.

आता कोणी मला वाट विचारली तर प्रथम मी पूर्ण पत्ता लिहितो: बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड, म्हसळ्यावरून. घरची माणसे हसतात. म्हणतात, “पत्ता सांगता की संकल्प सोडता?” हसू द्यावे. त्या रात्री खाडीच्या पलीकडे अंधारात उभ्या असलेल्या दोन मुलांचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला तालुका लिहिण्याचा आळस पुन्हा होत नाही.